एकच टॉवर, चार जागा: रेव्हिटचे लिंक आणि शेअर्ड कोऑर्डिनेट्स काही महिने वापरल्यावर

पावसाळ्याच्या आधीपासून आमच्या ऑफिसमध्ये एका टाउनशिपचं काम रेव्हिट या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाललंय. पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावरचा प्लॉट आहे, सहा टॉवर, त्यातले चार एकाच टाइपचे, फक्त प्रत्येक वेगळ्या कोनात फिरवलेला आणि प्रत्येकाची प्लिंथ वेगळ्या आरएलला, म्हणजे ठरलेल्या पातळीपासून वेगळ्या उंचीला. आता इतके महिने रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय म्हणून लिहितेय. एका फाइलला अनेक साइट पोझिशन देता येतात हे रेव्हिटमधलं अतिशय कामाचं फीचर आहे आणि आपल्याकडे बरीच ऑफिसं ते सोडून सरळ टॉवरच्या चार कॉपी करतात, मग एका टॉयलेटचा शाफ्ट बदलला की चार ठिकाणी बदल करत बसा.

पद्धत अशी. एक साइट फाइल, तिच्यात सर्व्हे, रस्ते, कंपाउंड, ड्रेनेज. टॉवरची फाइल वेगळी, ती साइट फाइलमध्ये चार वेळा लिंक करायची (म्हणजे बाहेरून जोडायची, मूळ फाइल बदलली की चारही बदलतात), प्रत्येक कॉपी जागेवर सरकवायची, फिरवायची, उंचीला बसवायची. मग लिंक सिलेक्ट केली की प्रॉपर्टीजमध्ये शेअर्ड साइट दिसतं, तिथे सुरुवातीला नॉट शेअर्ड असतं, त्यावर क्लिक करून ती पोझिशन नावाने रेकॉर्ड करायची, टी१, टी२ वगैरे. ही पोझिशन टॉवरच्या फाइलमध्ये सेव्ह होते, साइट फाइलमध्ये नाही, आणि सगळी गंमत यातच आहे. उद्या लँडस्केपवाल्याने किंवा स्ट्रक्चरवाल्याने तीच टॉवर फाइल बाय शेअर्ड कोऑर्डिनेट्स, म्हणजे सगळ्या फाइलींच्या सामायिक कोऑर्डिनेट्सवरून, लिंक केली की रेव्हिट विचारतं कुठल्या जागेवर ठेवू, तो टी३ निवडतो आणि टॉवर बरोबर तिथेच बसतो, हाताने काही सरकवायला लागत नाही. डिफॉल्ट नाव इंटर्नल असतं, ते पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर महिन्याभराने इंटर्नल म्हणजे नक्की कुठला टॉवर हे कुणालाच सांगता येत नाही.

आता सर्व्हेचं, कारण खरी डोकेदुखी तिथेच असते. सर्व्हेअर ड्रॉइंग देतो यूटीएममध्ये (पृथ्वीचे झोन पाडून जागा मीटरमध्ये सांगायची नकाशाची पद्धत), झोन ४३ नॉर्थ, म्हणजे पुण्यात नॉर्दिंग, विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २० लाख मीटरच्या वर. आणि रेव्हिटला जॉमेट्री इंटर्नल ओरिजिनपासून, म्हणजे फाइलच्या स्वतःच्या शून्य बिंदूपासून, १६ किलोमीटरच्या आत हवी असते, त्याच्या बाहेर गेलं की रेषा थरथरल्यासारख्या दिसतात, स्नॅप नीट होत नाही. म्हणून ड्रॉइंग ओरिजिन टू ओरिजिन टाकायचं नाही, सेंटर टू सेंटर लिंक करायचं, आपल्या सोयीने फिरवायचं आणि मग त्याच्याकडून कोऑर्डिनेट्स ॲक्वायर करायचे, म्हणजे त्या ड्रॉइंगचे कोऑर्डिनेट्स आपल्या फाइलला घ्यायचे. बिल्डिंग ओरिजिनजवळच राहते आणि स्पॉट कोऑर्डिनेट मात्र सर्व्हेचेच आकडे दाखवतो. हे फक्त साइट फाइलमध्ये करायचं. बाकीच्यांना कोऑर्डिनेट्स साइट फाइलकडूनच मिळाले पाहिजेत, कुणीही स्वतःच्या फाइलमध्ये परस्पर ॲक्वायर करायचं नाही, ही शिस्त पाळली तर पुढे फार त्रास होत नाही. आमच्या एका कन्सल्टंटने टॉवरची फाइल स्वतःच्या जुन्या ड्रॉइंगवरून ॲक्वायर केली होती आणि रिलोड केल्यावर अख्खा कॉलम ग्रिड रस्त्यापलीकडे गेला.

अजून एक, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. यूटीएममधलं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर सारखं नसतं. पुण्याच्या भागात समुद्रसपाटीपासूनची उंची धरून किलोमीटरमागे साधारण पाव मीटरचा फरक पडतो, यूटीएममधलं अंतर कमी येतं. बंगल्याला काही फरक पडत नाही, पण प्लॉट चारपाचशे मीटर लांब असेल तर शेवटच्या टॉवरला दहा-बारा सेंटीमीटर म्हणजे थट्टा नाही. ॲक्वायर करायच्या आधीच सर्व्हेअरला विचारा, हे ग्रिड (नकाशावरचं) अंतर आहे की ग्राउंड (जमिनीवरचं). शिवाय तिथून आलेली ट्रू नॉर्थ ही खरं तर ग्रिड नॉर्थ, म्हणजे नकाशाच्या उभ्या रेषांची उत्तर, असते, पुण्यात फरक अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी आहे, सन स्टडीला चालून जातो.

न आवडलेलं सांगायचं तर आरएल. लेव्हल टॅग सर्व्हे पॉइंटवरून वाचायला लावला तर टॉवर फाइलमध्ये जी साइट करंट आहे तिचाच आरएल येतो, एका वेळी एकच. चार टॉवरचे चार वेगवेगळे आरएल असलेले सेक्शन त्याच फाइलमधून एकदम निघत नाहीत. आम्ही ते सेक्शन साइट फाइलमध्ये काढतो, तिथल्या लेव्हल्सवर, शीट्सही तिथेच. चालतं, पण फाइल जड होते आणि डायमेन्शनं लिंकला धरून असल्यामुळे टॉवरमध्ये काही डिलीट झालं की ती सुटतात.

सेव्ह करताना लिंकची पोझिशन बदलली आहे असा डायलॉग येतो, तेव्हा न वाचता ओके दाबायचं नाही हे ज्युनियर मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण त्या एका क्लिकने दुसऱ्याच्या फाइलमधली जागा बदलते. साइट फाइलमधल्या लिंक तेवढ्यासाठी पिन करून ठेवल्यात. क्लॅश, म्हणजे एकमेकांत घुसलेले भाग, शोधायला रेव्हिटचा इंटरफिअरन्स चेक दोन लिंकमध्ये आपसात चालत नाही म्हणून नेव्हिसवर्क्स या मॉडेल एकत्र करून तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, तिथे एक्सपोर्टला कोऑर्डिनेट्स शेअर्ड ठेवायचे. प्रोजेक्ट इंटर्नल राहिलं तर सगळे मॉडेल आपापल्या ओरिजिनवर एकात एक घुसून येतात आणि हजारो खोटे क्लॅश दिसतात.

बिल्डरला हाच टॉवर आता नागपूरलाही बांधायचाय. एका फाइलमध्ये साइट कितीही नावांनी ठेवता येतात पण लोकेशन, म्हणजे शहर, एकच असतं, आणि नागपूर यूटीएमच्या झोन ४४ मध्ये येतं, तिथले आकडे पुण्याच्या आकड्यांशी जुळणारच नाहीत. सूर्याचा कोन वेगळा, हवामान वेगळं. म्हणून नागपूरची साइट फाइल नवीन आणि टॉवरचीही वेगळी कॉपी असं ठरवलंय, टाइपमधले बदल दोन्हीकडे करावे लागतील ते करू.