बाप्तिस्मा पॅकेजला दोन स्टार, चर्चच्या ऑफिसला पाच

लेकीचा बाप्तिस्मा जानेवारीत झाला, तेव्हापासून तीन मैत्रिणींनी विचारलं की ते पॅकेजवाले कसे होते, प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकते. नाव लिहीत नाहीये, कारण असली पॅकेजं आता कॅम्पापासून वडगाव शेरीपर्यंत बरेच जण देतात आणि मला वाटतं सगळ्यांचा साचा एकच असणार. अठरा हजारात डेकोरेशन, गाउन, मेणबत्ती, फोटो आणि अल्बम. ऐकायला बरं वाटतं, बाळंतपणातून उठलेल्या बाईला तर फारच बरं वाटतं.

आधी जागेचं सांगते कारण पहिला महिना त्यातच गेला. माझं माहेर पंचहौदातलं, पवित्र नाम देवालयाच्या घंटांच्या मनोऱ्याखाली वाढलेली मी, म्हणजे सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट. सासर कॅथलिक. सासूबाईंचं म्हणणं, नवऱ्याचा बाप्तिस्मा क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला झाला तर नातीचाही तिथेच व्हायला पाहिजे, पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं चर्च आहे, 1792 सालचं, पुण्यातलं पहिलं, असं सगळं त्या येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. पण नियम असा की मुलाचा बाप्तिस्मा आईवडील राहतात त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, दुसरीकडे करायचा तर आपल्या फादरांचं परवानगीचं पत्र लागतं. फादर पत्र द्यायला तयार होते हो, पण म्हणाले पोर वाढणार इथे, संडे स्कूल इथे, मग नोंद तिथे कशाला. आणि नवऱ्याला गुपचूप आनंद झाला कारण रविवारी क्वार्टर गेटला पन्नास पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावणार होता तो.

मग गॉडफादरचा, म्हणजे बाळाच्या धर्मपित्याचा घोळ. आमच्याकडे मामाच होणार हे सगळ्यांनी धरलेलंच होतं, माझ्या भावानी शर्टसुद्धा घेऊन ठेवला होता. चर्चच्या ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की गॉडपेरंट कॅथलिक पाहिजे, सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, आणि आईवडिलांपैकी कोणी नको. सीएनआयचा माणूस कॅथलिक गॉडपेरंटच्या बरोबर उभा राहू शकतो, पण साक्षीदार म्हणून. माझा चेहरा पडला असणार कारण त्या लगेच म्हणाल्या, अहो नाव रजिस्टरमध्ये येतं त्यांचं, उभे पण तिथेच राहणार. मग गॉडमदर आत्या आणि साक्षीदार मामा. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्यात बारशाला पण आत्याच लागते बाई, तुमचं काय वेगळं!

ऑफिसला पाच स्टार का ते आता. कागद मोजून चार मागितले, महापालिकेचा जन्मदाखला, आमचं चर्चमधल्या लग्नाचं सर्टिफिकेट, आत्याच्या पॅरिशचं पत्र आणि मामाचा बाप्तिस्म्याचा दाखला. मला भीती होती की माझा बाप्तिस्मा सीएनआयमधला म्हणून काहीतरी खुसपट निघेल, तर काहीच नाही, पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला ना, मग तो बाप्तिस्माच. फी विचारली तर फी नसते म्हणाल्या, द्यायचं असेल तर पाकीट स्वखुशीने. आणि नंतर रजिस्टर माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, बोट ठेवून वाचा. मी नुसतं बघून ठीक आहे म्हटलं तर ऐकेनात, अक्षरन्अक्षर मोठ्यानी वाचायला लावलं. कारण पहिल्या कम्युनियनला (पहिल्यांदा प्रभुभोजन घेताना), दृढीकरणाला, लग्नाला हाच दाखला मागतात, आणि लग्न झालं की त्याची नोंद पण इथेच, याच ओळीच्या समासात होते. नवऱ्याच्या दाखल्यावर त्याच्या आईच्या नावात एक अक्षर जास्त पडलंय, आमच्या लग्नाच्या वेळी त्यावरून तीन चकरा झाल्या होत्या, त्यामुळे मी मुकाट वाचलं. आणि खरंच सापडली चूक, आडनावात ए च्या जागी ओ!

शनिवारी संध्याकाळी तासभर क्लास होता आईवडील आणि गॉडपेरंटना, तो कृपा करून चुकवू नका, कारण फादरांनी त्यात सांगितलं होतं की एक तेल छातीला लावतात आणि दुसरं, सुगंधी, डोक्यावर टाळूला. मी मान डोलावली आणि विसरले.

आता पॅकेजवाले. गाउन दिसायला सुंदर, पायाच्या खाली हातभर लांब, पण बटणं सगळी मागे. फादर तेलाची डबी घेऊन उभे, मी पुढून गळा ओढतेय, तो इलॅस्टिकचा, आत नेटचं अस्तर, पोरगी किंचाळतेय आणि मागे पन्नास लोक. शेवटी आत्यानी उलटी धरली, मी चार बटणं काढली आणि गाउन खांद्यावरून खाली ओढला तेव्हा कुठे बोटभर छाती मिळाली. डोक्याला मोत्यांचा हेअरबँड, बरोबर टाळूवर, तोही काढा. मेणबत्तीला खालपासून वातीपर्यंत नेट आणि सॅटिनची फुलं. ती ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून घ्यायची असते, आत्या पुढे गेली आणि नेटचं टोक काळं पडायला लागलं, मामानी झडप घालून ते सगळं उपटलं. साक्षीदार म्हणून एवढं काम तर त्यानी केलंच.

आणि फोटोग्राफर. फ्लॅश नको, पायऱ्यांवर चढू नका, हे चर्चमध्ये आधीच सांगितलेलं. पाणी तीन वेळा ओततात डोक्यावर (सेवकांनी कोमट करून आणलं होतं, जानेवारीत ही मोठीच दया), तेवढ्या वेळात ह्या पठ्ठ्याची लेन्स बदलून होईना. झाल्यावर म्हणतो कसा, "फादर, परत एकदा घ्या ना, स्माइल देऊन." फादरांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, हा आयुष्यात एकदाच होतो." अख्खं चर्च हसलं, सासूबाई सोडून. पाणी ओततानाचा एकमेव फोटो मावसभावाच्या मोबाइलमधला आहे, थोडा हललेला, आणि तोच आता फ्रेम करून टीव्हीवर टांगलाय.

डेकोरेशनबद्दल दोन ओळी पुरे. थर्माकोलचं कबूतर छान होतं, बोर्डावर लेकीचं नाव चुकलेलं होतं, तेच ए आणि ओ, कारण मी जुन्या मेसेजमधून पाठवलं होतं, ही चूक माझी. जेवण पॅकेजमध्ये नव्हतं, पॅरिश हॉलमध्ये ओळखीच्या आचाऱ्याकडून मटण बिर्याणी केली आणि ती कमी पडली.

अजून कोणी करणार असेल तर उपवासकाळाच्या (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) आधी किंवा ईस्टरनंतरची तारीख बघा, मधल्या दिवसांत बरीच चर्चेस बाप्तिस्मे ठेवत नाहीत. आम्हाला एपिफनीनंतरचा, म्हणजे तीन राजांच्या सणानंतरचा रविवार मिळाला, येशूच्या बाप्तिस्म्याचाच सण, पाच बाळं होती त्या दिवशी आणि पाचही एकाच वेळी रडत होती.

अल्बम अजून आलेला नाही, पंधरा दिवस म्हणाले होते त्याला आता दोन महिने झाले. तीन हजार मी अडवून ठेवलेत. गाउन टेलरकडे देऊन पुढून कापून घेतला आणि बटणं लावली, ऐंशी रुपये झाले. जाऊबाईंना एप्रिलमध्ये होणार आहे, त्यांना देतेय.