दहाचा पाना आणि २०,५०० रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. वीज खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, खांबावर चढून लोकांचे लूज जोड घट्ट केले आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीतल्या एका लूज जोडापायी २०,५०० रुपये मोजून आलो. मुलाला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. त्याला वाटतंय आठ हजार गेले.

वैशाखातला रविवार. कराडला भाचीचं लग्न, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. गाडीत मी, ही, सून आणि दीड वर्षाचा नातू. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून चहाला थांबलो. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा टक्. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते, हॉर्न म्हातारी शेळी ओरडावी तसा. ऊन तापत होतं, नातू रडत होता, हिच्या हातात आहेराची पिशवी. सुनेने मोबाइलवर ‘२४ तास मेकॅनिक’ शोधला, पहिला आला त्या नंबरला फोन लावला. फोनवरचा आवाज गोड. म्हणाला, ‘व्हिजिटचे फक्त पाचशे, काका.’

नाक्यावरून येताना १०३३ चा फलक डोळ्यांसमोरून गेला होता. राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी. दर वेळी वाचतो. त्या दिवशी सुचला नाही. तुम्ही तरी तो फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा.

वीस मिनिटांत दोघं बाइकवरून आले. अंगावर कसल्याशा कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. त्यांतल्या थोरल्याने बॉनेट उघडलं आणि मला सीटवर बसवलं, चावी ऑन करून. आता इथे नीट ऐका, कारण माझी रात्रीची झोप इथेच अडकली आहे. त्याने आत कुठेतरी हात घातला आणि डॅशबोर्डचे दिवे एकदम लख्ख झाले. बंद पडलेला रेडिओ मध्येच बोलायला लागला. दोन सेकंद, फार तर तीन. लगेच तो ओरडला, ‘काका, बंद करा, बंद करा! वायरिंग जळेल!’ आणि मी मुकाट्याने चावी बंद केली.

मी! ज्याने हजार घरांत सांगितलं असेल की दिवा मिचमिचतोय म्हणजे आधी जोड बघा. इंजिन फिरवणारा स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो, जोडात ०.०३ ओहम रोध आला तरी साडेचार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, स्टार्टरला उरतं काय? हे गणित मी झोपेत करून देईन. पण बॉनेट वर होतं, त्याचे हात मला दिसत नव्हते, मागून नातवाचं भोकाड, आणि हिचा तिसऱ्यांदा प्रश्न, ‘किती वेळ लागेल हो?’ अशा वेळी गणित सुचत नाही. ज्याला सुचेल त्याला माझा दंडवत.

मग त्याने मीटर लावला. ‘बघा काका, १२.१. अल्टरनेटरचे १४ पाहिजेत. गेला अल्टरनेटर.’ इंजिन बंद होतं! अल्टरनेटर इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करतो, बंद इंजिनाचा अल्टरनेटर कुठले १४ देणार? आणि मी मान डोलावली.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. अल्टरनेटरने बॅटरी मारली, बॅटरीने वायरिंग. ‘गाडीत लेडीज आहेत, लहान बाळ आहे, घाटात बंद पडली तर?’ धाकटा बाइकवर गेला आणि दहा मिनिटांत बरोब्बर माझ्या मापाची बॅटरी घेऊन आला. रविवारी सकाळी! आडवाटेला दहा मिनिटांत नेमकी बॅटरी मिळते, तेव्हा ती आधीच कुठेतरी आणून ठेवलेली असते, हे मला आज कळतंय.

हिशेब असा: व्हिजिट १,५०० (पाचशे म्हणे शहराच्या हद्दीत), स्कॅनिंग १,२००, अल्टरनेटरचा कटआऊट (चार्जिंग आवरणारा भाग) ६,८००, बॅटरी ७,९००, वायरिंग ३,५००. बेरीज २०,९००. वर ४०० ची सूट देऊन उपकार केले. माझी जुनी बॅटरी, अवघ्या १४ महिन्यांची, वॉरंटीतली, ‘भंगार आहे’ म्हणून घेऊन गेला आणि तिचा एक रुपया वळता केला नाही. जुनी बॅटरी कधीही अशी देऊ नका. बदललेला पार्ट हातात मागा, गाडीत टाका.

लग्न मिळालं. अक्षता टाकल्या. पाचव्या दिवशी घराच्या पार्किंगमध्ये पुन्हा टक्.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. त्याने बॅटरीकडे बघितलंसुद्धा नाही. काळी वायर धरून बॉडीपर्यंत गेला. तिथला अर्थिंगचा बोल्ट गंजलेला आणि ढिला. त्या दिवशी दिवे लख्ख झाले तेव्हा त्या बाइकवाल्याचा हात नेमका इथेच पडला असणार. दहाचा पाना, थोडा पॉलिश पेपर, वायरच्या टोकाला नवा लग. १८० रुपये. गाडी सुरू, मीटरवर १४.२. अल्टरनेटरच्या बोल्टवर कारखान्यातली रंगाची खूण जशीच्या तशी होती. कुणी पाना लावलेलाच नव्हता. आणि ‘नवी’ बॅटरी? तारखेचा कोड घासलेला, वर चकचकीत स्टिकर. रात्रभर चार्ज करून ठेवली, सकाळी ११.९ व्होल्ट. चांगली असती तर १२.६ च्या आसपास दाखवली असती.

मग सुरू झाली वारी. आमच्या भागातली चौकी म्हणाली, घटना हायवेची, हद्द आमची नाही. हायवेच्या ठाण्यात तासभर बाकावर बसवलं आणि मग, ‘काका, पैसे तुम्ही स्वतः दिले ना? मग ही दिवाणी बाब.’ मी म्हटलं, खोटं सांगून पैसे काढले, पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८, दिवाणी कसं? साहेब हसले. म्हणाले, वकील आहात का? बँकेत गेलो तर मुलगी म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. जिथे नंबर दिसला तिथे तक्रार केली, तर मशीनचं उत्तर आलं की नियमांचा भंग आढळला नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्या बिलावर नुसता मोबाइल नंबर! जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. पैसे एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर गेलेले. पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचत जा. मी वाचलं होतं, विचारलंही. ‘मालकीणबाई आहेत,’ म्हणाला.

शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. शिक्का मिळवायलाच दोन खेपा.

२३ दिवसांनी काल ठाण्यातून फोन आला. जबाब नोंदवायचा आहे, येताना पुरावा म्हणून जुनी बॅटरी घेऊन या.

म्हटलं साहेब, वॉरंटी कार्ड आहे माझ्याकडे. बॅटरी त्याच्याकडे आहे.