जुन्या नेटबुकवर ३२-बिट डेबियन आणि आइसडब्ल्यूएम : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, तपशील मागाहून. ॲटम एन२७० प्रोसेसरचं दहा इंची नेटबुक, २ जीबी रॅम आणि साधी एसएसडी एवढ्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि आइसडब्ल्यूएम (खिडक्या आणि टास्कबार सांभाळणारा हलका प्रोग्राम) घालून आजही लिहायला, मेल वाचायला, पीडीएफ चाळायला, गाणी ऐकायला आणि एसएसएचने दुसऱ्या मशीनमध्ये शिरायला व्यवस्थित चालतं. मात्र ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडून बसायची सवय असेल तर नाही चालत, आणि कुठलीही 'सुपर-लाइट' डिस्ट्रो (लिनक्सची तयार आवृत्ती) टाकली म्हणून ते चालायला लागेल असंही नाही. गेले काही महिने हे मशीन रोज वापरून माझं हेच मत पक्कं झालंय.

हा प्रोसेसर २००८चा. १.६ गिगाहर्ट्झ, एकच कोअर. हायपर-थ्रेडिंगमुळे सिस्टीमला दोन दिसतात. सोबत ९४५जीएसई चिपसेट आणि त्यातलंच जीएमए ९५० ग्राफिक्स. रॅम जास्तीत जास्त २ जीबी, स्क्रीन १०२४ बाय ६००. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एन२७० निव्वळ ३२-बिट आहे. ६४-बिटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर टाकून सुरू केलीत तर कर्नल (सिस्टीमचा गाभा) पहिल्याच ओळीत 'हा प्रोसेसर माझ्या कामाचा नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतो. २०१० साली आलेल्या एन४५०पासून पुढच्या नेटबुकांत ६४-बिट मिळतं, त्यामुळे डाउनलोड करण्याआधी 'एलएससीपीयू' या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या कमांडने एकदा खात्री करून घ्या. तुमचं ६४-बिट निघालं तर या लेखातल्या अर्ध्या कटकटी तुम्हाला लागू नाहीत.

३२-बिटवाल्यांसाठी पर्याय आटत चाललेत. आर्चने २०१७ मध्ये हात वर केले (आर्च लिनक्स ३२ हा वेगळा प्रकल्प तेवढा आहे), फेडोराने २०१९ मध्ये ३१व्या आवृत्तीपासून ३२-बिट कर्नल देणं बंद केलं, उबंटू आणि तिच्या भावंडांचा प्रवास १८.०४पाशी संपला. उरतात त्यातल्या पपी, टायनी कोअर, अँटीएक्स आणि डेबियन १२ या मी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिल्या. पपी सगळी रॅममध्ये चढते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर ती अक्षरशः उडते. पण एसएसडी बसवल्यावर तो फायदा फारसा उरत नाही, आणि डिफॉल्टने सगळं रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतं हे मला रोजच्या मशीनवर पटत नाही. टायनी कोअर शिकायला मस्त आहे, पण घरगुती कामासाठी प्रत्येक गोष्ट हाताने जोडत बसावी लागते.

अँटीएक्स २३ मात्र खरोखर चांगली आहे. सिस्टीमडी (बूट आणि सेवा सांभाळणारा प्रोग्राम) नाही, आइसडब्ल्यूएम आधीच नीट मांडून ठेवलेलं, कंट्रोल सेंटरमध्ये हवं ते सगळं. हे सगळं स्वतः करत बसायचं नसेल तर सरळ तीच टाका आणि पुढचे तीन-चार परिच्छेद गाळा. मी डेबियन घेतली कारण अँटीएक्सचा पायाही तोच आहे, आणि मला कुठला प्रोग्राम का चालू आहे हे माहीत असलेलं बरं वाटतं. सवयीचा भाग आहे हा, गुणवत्तेचा नव्हे.

या डिस्ट्रोंची तुलना वाचताना एक आकडा सारखा समोर येतो : रिकाम्या डेस्कटॉपवर किती रॅम लागते. कुणी ९० एमबी म्हणतं, कुणी १४०. माझ्याकडे डेबियन आणि आइसडब्ल्यूएम मिळून एचटॉप या रॅमचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०च्या आसपास दिसतात. छान. पण फायरफॉक्स उघडून एखादं बातम्यांचं संकेतस्थळ लावलं की वापर ७००-८०० एमबीवर जातो, आणि दुसरा टॅब उघडला की जीबी ओलांडतो. म्हणजे डिस्ट्रो बदलून वाचवलेले ५०-६० एमबी एका जाहिरातीत जातात. रिकामं मशीन कुणी वापरत नाही. म्हणून डिस्ट्रो निवडताना मी तो आकडा बघणं सोडून दिलं आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळणार हे बघितलं.

इन्स्टॉल करणं सोपं गेलं. नेटइन्स्ट आयएसओ, ग्राफिकलऐवजी टेक्स्ट इन्स्टॉलर. डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरच्याच आयएसओमध्ये असतं, त्यामुळे पूर्वी वायफायसाठी दुसरा पेनड्राइव्ह शोधायला लागायचा तो प्रकार संपला. बायोस जुना, त्यामुळे यूईएफआयची भानगड नाही. ग्रब (बूट सुरू करणारा प्रोग्राम) थेट डिस्कच्या सुरुवातीला. सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढल्या, फक्त एसएसएच सर्व्हर आणि स्टँडर्ड युटिलिटीज ठेवल्या. मग पहिल्या लॉगिननंतर झॉर्ग (ग्राफिकल पडद्याचा पाया), आइसडब्ल्यूएम, नेटवर्क मॅनेजर आणि एक टर्मिनल. लॉगिनसाठी वेगळा डिस्प्ले मॅनेजर घातलाच नाही. टेक्स्टमध्ये लॉगिन करून 'स्टार्टएक्स' देतो.

जुन्या मशीनवर हमखास नडणारी गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरचा बटणसेल. तो मेलेला असला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मग एपीटी (पॅकेज उतरवणारं साधन) 'रिलीज फाइल अजून वैध नाही' म्हणून अडून बसतं, ब्राउझर प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर शंका घेतो. लोक नेटवर्क तपासत बसतात. आधी तारीख बघा.

आता ट्यूनिंग. यात तीनच गोष्टींनी खरा फरक पडला, आणि त्यातली पहिली सॉफ्टवेअर नाहीच : एसएसडी. या चिपसेटचा साटा पोर्ट १.५ गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला १५० एमबीच्या वर काही मिळणार नाही. तरीही फरक जमीन-अस्मानाचा, कारण जुनी हार्ड डिस्क मार खाते ती बारीक बारीक फाइली गोळा करताना. डिस्क एन्क्रिप्शन मात्र विचार करून घ्या. या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळ्या सूचना नाहीत, सगळं गणित त्या एकट्या कोअरवर येतं. मी पूर्ण डिस्कऐवजी कामाचा एकच फोल्डर एन्क्रिप्ट केलाय.

दुसरी गोष्ट झेडरॅम. रॅमचाच एक भाग स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची जादा जागा) म्हणून वापरायचा आणि त्यात जाणारा डेटा दाबून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. डेबियनमध्ये 'झेडरॅम-टूल्स' पॅकेज टाकलं की एका छोट्या फाइलमध्ये दोन ओळी बदलायच्या असतात : अल्गोरिदम आणि टक्केवारी. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण इतक्या अशक्त प्रोसेसरवर मला एलझेड४ बरं वाटलं. दाबताना आणि उलगडताना अडखळत नाही. टक्केवारी ६० ठेवली आणि स्वॅपिनेस (स्वॅप किती सहज वापरायचा याचा आकडा) १००वर नेला, कारण डिस्कवरच्या स्वॅपसाठी दिलेला 'स्वॅपिनेस १० करा' हा सल्ला इथे उलटा पडतो. परवा ब्राउझरमध्ये तीन टॅब आणि शेजारी एक पीडीएफ उघडी असताना 'झेडरॅमसीटीएल' चालवून पाहिलं. डेटाच्या रकान्यात ६१० एमबी, दाबलेल्या आकाराच्या रकान्यात २५० एमबीच्या आसपास. म्हणजे साडेतीनशे एमबी रॅम फुकटात मिळाली, आणि माउसचा बाण अडकला नाही. एसएसडीवर छोटा स्वॅपही ठेवलाय, पण त्याला प्राधान्य खालचं; झेडरॅम भरल्याशिवाय तिकडे काही जात नाही.

तिसरी गोष्ट यूब्लॉक ओरिजिन. ब्राउझरमध्ये हे एक्स्टेंशन नसेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. जाहिराती आणि ट्रॅकर गेले की तेच पान निम्म्या वेळात उघडतं, कारण इथे इंटरनेटचा वेग मुळात आडवा येतच नाही. जावास्क्रिप्ट चालवताना प्रोसेसरचा जीव जातो. काही साइटसाठी मी जावास्क्रिप्ट पूर्ण बंद ठेवलंय. बातम्यांच्या साइट त्याशिवाय जास्त वाचनीय होतात, हा बोनस.

याउलट ज्या गोष्टींचा गवगवा असतो त्यांतल्या बऱ्याच निरुपयोगी निघाल्या. 'मिटिगेशन्स ऑफ' हा (प्रोसेसरच्या त्रुटींवरचं संरक्षण बंद करणारा) कर्नल पर्याय घाला, मशीन पळेल, असं सर्रास सांगितलं जातं. पण हा ॲटम सूचना एकामागून एक, दिलेल्या क्रमानेच चालवतो. पुढचा अंदाज बांधून काम उरकण्याची जी युक्ती मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसर-त्रुटींच्या मुळाशी आहे, ती त्याच्यात नाही. एलएससीपीयूच्या शेवटच्या ओळींत 'परिणाम नाही' असं स्वच्छ लिहून येतं. जे ओझं कर्नलने घेतलंच नाही ते उतरवणार कसं? प्रीलोडही (नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये भरणारं) तसंच; २ जीबीत आधीच भरून ठेवण्याइतकी जागा आहे कुठे? गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर टाकून बॅटरी लवकर संपली, काम तेवढंच झालं.

छोट्या पण टिकून राहिलेल्या सुधारणा : एफएसटॅब या डिस्कच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं), जर्नलच्या (सिस्टीमच्या नोंदींच्या) आकाराला ५० एमबीची मर्यादा, आणि बूट होताना नेटवर्क येईपर्यंत वाट बघणारी 'नेटवर्क मॅनेजर वेट ऑनलाइन' सेवा बंद. अपडेटच्या वेळी 'मॅन-डीबी'चा (मदतपानांची सूची बनवणाऱ्या प्रोग्रामचा) ट्रिगर इतका वेळ खातो की मशीन हँग झालं असं वाटावं. त्याचं आपोआप अपडेट होणं बंद केलं. कर्नल अपडेट झाला की इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी ड्रायव्हरांची फाइल) नव्याने बांधताना तोच छळ. तिथे मॉड्यूल्सची निवड 'मोस्ट'ऐवजी 'डेप' केली, म्हणजे या मशीनला लागणारेच ड्रायव्हर आत जातात. फाइल लहान होते, बूटही थोडं लवकर होतं. मात्र मग तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच याची खात्री नाही, हे ध्यानात ठेवा.

व्हिडिओबद्दल खूप जण विचारतात. जीएमए ९५० एच.२६४ (व्हिडिओ दाबायची एक पद्धत) उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये यूट्यूब बहुधा व्हीपी९ ही दुसरी पद्धत पाठवतं, ते आणखी जड. वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवणाऱ्या साधनाला ४८० ओळींपर्यंतचा एच.२६४ प्रवाहच घ्यायला सांगून तो एमपीव्ही प्लेअरमध्ये लावला की सुरळीत चालतो. ३६० तर अगदी निवांत. ७२०चा नाद सोडा. वायटी-डीएलपी डेबियनच्या भांडारातली न घेता प्रकल्पाकडून थेट घ्या, जुनी आवृत्ती चालेनाशी व्हायला वेळ लागत नाही.

स्क्रीनची ६०० ओळींची उंची हा प्रोसेसरपेक्षा मोठा अडसर आहे, हे मला वापरायला लागल्यावर कळलं. कित्येक डायलॉगचं 'ओके' बटण स्क्रीनच्या खालीच राहतं. ऑल्ट दाबून खिडकी माउसने कुठूनही धरून वर ओढता येते. ही एक युक्ती येत नसेल तर नेटबुक फेकून द्यावंसं वाटेल. आइसडब्ल्यूएमचा टास्कबार आपोआप लपणारा केला, फायरफॉक्समध्ये कॉम्पॅक्ट डेन्सिटी सुरू केली, पीडीएफसाठी झाथुरा घेतला, ज्यात मेनू नाहीत, टूलबार नाहीत, नुसतं पान.

मराठीसाठी फार काही करावं लागलं नाही. लोहित देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाकलं की जोडाक्षरं नीट दिसतात. टाइप करायला आयबस वगैरे मागे सतत चालणारं काही नको असेल तर झॉर्गच्या कीबोर्ड मांडणीतच इनस्क्रिप्ट आहे, आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांसाठी मराठी कगप मांडणीही. ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल होते, रॅमवर त्याचा काहीही भार नाही. हा लेख त्याच मशीनवर जीनी या एडिटरमध्ये लिहिलाय. लिब्रेऑफिस रायटर पहिल्यांदा उघडताना बराच वेळ घेतो, उघडल्यावर मात्र कुरकुर नाही.

बॅटरीचं काय सांगणार, तिचं आयुष्य सेलवर अवलंबून, सिस्टीमवर कमी. टीएलपी (वीज वाचवणारं साधन) टाकलंय, ब्राइटनेस कमी केल्याने जितका फरक पडतो तितका त्याने पडत नाही. झाकण मिटून सस्पेंड होणं आणि उघडल्यावर परत येणं नीट चालतं, वायफायसकट.

पुढची चिंता आहे ती अपडेटची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. फायरफॉक्सने १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडलं; ईएसआर १४०ला (जास्त काळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीला) निदान सप्टेंबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील असं मोझिलाने सांगितलंय. डेबियन १२चा दीर्घकालीन सपोर्ट जून २०२८पर्यंत आहे. म्हणजे सिस्टीमच्या आधी ब्राउझर साथ सोडणार असं दिसतंय, आणि बँक वगैरे कामं मी या मशीनवर आत्ताच करत नाही. तुमच्याकडे डेबियन १२ आधीपासून असेल तर आज एक गोष्ट तपासा : सोर्सेसच्या यादीत आवृत्तीच्या नावाच्या जागी 'स्टेबल' असेल तर ते बदलून 'बुकवर्म' (डेबियन १२चं नाव) करा, नाहीतर पुढच्या अपग्रेडला एपीटी तुम्हाला १३कडे ओढायला लागेल, जिथे या प्रोसेसरसाठी नवा कर्नलच नाही.