काचेच्या झाकणाचा कोहिबा

लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत ओळीने मांडलेले कोहिबा, म्हणजे क्यूबाचे नामांकित महागडे सिगार, आणि भाव बाजाराच्या निम्म्याहूनही कमी. असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर पुढे एक अक्षर विचारू नका. कोहिबा काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणाखाली येतच नाही. नकली माल ओळखायची जगभरातली ही सगळ्यात सोपी खूण, पण संभाजीनगरात ती कोणाला माहीत असायचं कारणच काय?

आमच्यातल्या एका ठेकेदार दोस्ताची पन्नाशी होती. खुलताबादच्या अलीकडे त्याचं शेत आहे. तिथे मटण-भाकरी आणि जेवणानंतर क्यूबाचा सिगार, अशी त्याची हौस. वर्गणी काढून 25 नगांची पेटी 22,000 रुपयांना घेतली. विकणारा दुकानदार नव्हता, ओळखीच्या ओळखीतून आलेला एक मोबाइल नंबर होता. माल दुबईहून, ड्यूटी फ्री. बोलायला गोड. कोहिबा 1966 साली फिडेल कॅस्ट्रोसाठी म्हणून वळायला लागले, बरीच वर्षं तो क्यूबा सरकार परदेशी पाहुण्यांना भेट देत असे आणि बाजारात आला तो 1982 मध्ये, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की भावाची घासाघीस करायची आम्हालाच लाज वाटली. गोष्ट खरी आहे. खऱ्या गोष्टीसोबत खोटा माल सहज खपतो.

सिगार ओढायची रीत सिगारेटसारखी नाही. बंद टोकाची नुसती टोपी कापायची, दोनेक मिलिमीटर. पुढचं टोक ज्योतीत न खुपसता ज्योतीच्या वर फिरवत तापवायचं. धूर छातीत न घेता तोंडात घोळवून सोडायचा, आणि मिनिटाला एखादाच झुरका. आमच्याकडे कटर नव्हता. दोस्ताच्या आईचा अडकित्ता घेतला आणि खरं सांगतो, काप झकास आला.

बाकी काही झकास नव्हतं. पहिल्या झुरक्यालाच ठसका, जिभेवर अमोनियाची चरचर. विकणाऱ्याने चवींची यादी पाठवली होती: मध, कॉफी, लाकूड, काळी मिरी. मिरीपर्यंत काही जण पोचले, मधापर्यंत कोणीच नाही. सिगार एका अंगाने भराभर जळत गेला, दुसरं अंग तसंच. राख धरेना, पिठासारखी शर्टावर सांडायला लागली. एकाला घाम फुटून गरगरलं, त्याला गुळाचा खडा दिला.

तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. तिकडून शांत आवाज, “पहिली बार में ऐसाच लगता, सर. आप जल्दी-जल्दी खींच रहे. उधर हवा भी होगी ना?”

यातली गंमत अशी की त्याचं एकेक कारण बरोबर होतं. भराभर ओढला तर अस्सल सिगारही तापून कडू होतो. वाऱ्यात बसलं की एकतर्फी जळतो. निकोटीनने नवख्याला चक्कर येतेच. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते, आणि मे महिन्यातली आमच्याकडची हवा तो काही दिवसांत सुकवून टाकते. सुकलेला सिगार घसा सोलतोच. म्हणजे लाखाची पेटी आणली असती तरी आमच्या हातात ती जवळपास अशीच वागली असती.

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मास्टर पीस, म्हणजे ताडून पाहायचा प्रमाण नमुना, समोर असल्याशिवाय आम्ही भाग पासही करत नाही आणि रिजेक्टही करत नाही. पहिल्यांदा सिगार ओढणाऱ्याच्या जिभेकडे मास्टर पीस नसतो, आणि हा सगळा धंदा तेवढ्यावरच उभा आहे. चव कशीही लागली तरी ‘तुम्हाला सवय नाही’ हे उत्तर तयार.

पेटीला मात्र ना ऊन लागतं ना वारा, त्यामुळे उरलेला माल पेटीसकट मी घरी आणला.

क्यूबाच्या पेटीच्या पुढच्या डाव्या कडेवर हिरवट हमीपत्राची पट्टी असते. 2010 पासून त्या पट्टीवर होलोग्राम आणि बारकोड आहे, आणि तो नंबर हबानोस या क्यूबाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. आमच्या पट्टीवरचा होलोग्राम म्हणजे नुसता चकचकीत कागद, कसाही फिरवला तरी चित्र तेच. नंबर टाकला, काही निघालं नाही. पेटीच्या बुडाशी ‘हेचो एन कुबा’ आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’ (स्पॅनिशमध्ये ‘क्यूबात बनवलेलं’ आणि ‘पूर्णपणे हाताने’) ही अक्षरं तापल्या छापाने लाकडात उमटवलेली असतात, खाली कारखान्याचा कोड आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष शाईच्या शिक्क्याने. आमच्या बुडाशी इंग्रजीत ‘मेड इन क्यूबा’ लिहिलेलं स्टिकर. कोड नाही, तारीख नाही.

मग व्हर्नियर, म्हणजे लांबी-जाडी बारकाईने मोजायचं साधन, काढलं. आमचे सिगार रोबुस्तो म्हणून विकलेले; हा आकार 124 मिलिमीटर लांब आणि 50 रिंगचा. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी साधारण 19.8 मिलिमीटर भरायला हवी. हाताने वळलेल्या मालात थोडं कमी-जास्त चालतं, पण आमच्याकडे शेजारशेजारचे दोन सिगार दीड-दोन मिलिमीटरने वेगळे. सिगारच्या गळ्यातल्या कागदी पट्टीवरचे बारीक चौकोन कडेला अर्धे कापलेले, तेही प्रत्येकावर निराळ्या जागी. शेवटी एक उभा चिरला. अस्सल रोबुस्तोत टोकापासून टोकापर्यंत अख्खी पानं घडी करून घातलेली असतात. आमच्या सिगारमधून चुरा निघाला, देठांसकट. राख का धरत नव्हती ते तिथे कळलं.

आणि भाव. 2022 मध्ये कोहिबाचे दर जगभर एका पातळीवर आणले गेले आणि ते एकदम चढले; आज एकेका रोबुस्तोला हजारांत मोजावे लागतात. आमचा नग नऊशेच्याही आत पडला होता.

यावर विकणाऱ्याचं उत्तर तयारच होतं, आणि माझ्या मते खरी फसवणूक त्या उत्तरात आहे. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या परदेशी सिगारच्या पेटीवर 85 टक्के जागेत सचित्र इशारा, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी लागते. आमच्या पेटीवर यातलं काहीच नव्हतं. का? तर माल ड्यूटी फ्री. बिल? ड्यूटी फ्रीला कसलं बिल! नगही बरोबर 25 ठेवले होते, कारण 2016 च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला शुल्क न भरता तेवढेच सिगार स्वतःसाठी आणायची मुभा होती. स्वतःसाठी आणलेला माल विकता येत नाही, हे त्याने अर्थातच सांगितलं नाही. चोरून आणलेला म्हटलं की भाव कमी का, कागद का नाहीत, दुकान कुठे, सगळे प्रश्न एकदम मिटतात. वर गिऱ्हाईकही पोलिसांकडे जायला बिचकतं. आमच्यातही तेच झालं. “कामून भानगडीत पडता, आपल्यालाच विचारतील माल कुठनं घेतला,” असं म्हणत चर्चा आठवडाभर चालली.

धूर गिळत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी, हेही त्यानेच सांगितलं होतं. तोंडात घोळवलेल्या धुरानेही तोंडाचा कॅन्सर होतो. गुटख्याने पोखरलेल्या मराठवाड्यात हे मी वेगळं काय सांगू?

1930 या सायबर हेल्पलाइनला मी अखेर फोन केला. पैसे यूपीआयने गेले असतील तर तो फोन त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात करा. पुढच्या खात्यातून काढून घ्यायच्या आत रक्कम गोठवली गेली तरच परत मिळायची आशा. आमची तोवर निघून गेली होती. त्याने सगळ्यांना ब्लॉक केलं. तक्रार नोंदवली आहे.

परवा लातूरच्या साडूंना एका वेगळ्याच नंबरवरून पेटीचा फोटो आला. काचेच्या उजव्या कोपऱ्यात आमच्या फोटोत होता तोच ओरखडा. भाव आता 26,000.