काकापो आणि किआ : जास्त धोक्यात कोण?

दोघेही न्यूझीलंडचे पोपट, पण स्वभाव अगदी उलटे. काकापो निशाचर, चार किलोपर्यंत भरणारा आणि उडता न येणारा. संकट दिसलं की जागच्या जागी थिजतो. शिकारी पक्ष्यांपुढे हे खपून जायचं. बाहेरून आणलेल्या, वास काढत येणाऱ्या मांजरी आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) यांच्यापुढे नाही. त्यात वीण होते ती रिमूच्या झाडांना भरघोस फळं धरतात तेव्हाच, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. १९९५ मध्ये जेमतेम ५१ पक्षी उरले होते. मग त्यांना सुरक्षित बेटांवर ठेवून, अंगावर ट्रान्समीटर बांधून २०२२ पर्यंत संख्या २५० च्या आसपास नेली. तरी दर्जा 'अतिसंकटग्रस्त'च.

किआ म्हणजे दक्षिण बेटावरच्या डोंगरांतला उचापत्या. उभ्या गाडीच्या खिडकीचं रबर चोचीने ओरबाडून काढेल! मेंढ्यांना टोचतो म्हणून एकेकाळी त्याला मारायला बक्षीस होतं. पूर्ण संरक्षण मिळालं १९८६ मध्ये. आता छपरांवरचं शिसं चघळून विषबाधा होते, जमिनीलगतची घरटी स्टोट फस्त करतात. दर्जा 'संकटग्रस्त', म्हणजे कागदावर एक पायरी बरा. मला मात्र काळजी किआचीच वाटते. काकापोचा एकेक पक्षी नावानिशी माहीत आहे. डोंगरभर पांगलेल्या किआची धड मोजदादही होत नाही.