वॉल्थर पीपी (.32): चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

मार्च महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर माझ्या पीपीतून, म्हणजे जर्मन वॉल्थर कंपनीच्या जुन्या पिस्तुलातून, पहिल्या तीन गोळ्या व्यवस्थित सुटल्या आणि चौथीच्या वेळी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पुढे येता येता अर्ध्यावर अडकून बसली. मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) काढून, सगळे मोकळे करून पुन्हा भरले, तर या वेळी दुसऱ्याच गोळीला तोच प्रकार झाला. तोवर मी या पिस्तुलाचे कौतुक ज्याला त्याला सांगत होतो, त्यामुळे शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी नुसते माझ्याकडे पाहिले तेही मला पुरेसे झोंबले.

9 मि.मी.चे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे स्वसंरक्षणाचा परवाना असणाऱ्यांची निवड बहुधा .32 वरच (म्हणजे सुमारे 0.32 इंच जाडीच्या गोळीच्या पिस्तुलावरच) येऊन ठेपते, हे वाचकांना ठाऊक आहेच. प्रश्न उरतो तो नवे देशी घ्यावे की जुने परदेशी, एवढाच. परदेशी पिस्तुलांची सामान्य आयात ऐंशीच्या दशकापासून बंद असल्यामुळे जुन्या नगांचा भाव वर्षानुवर्षे चढतच गेला आहे. माझा धंदा सराफीचा आहे आणि ज्या वस्तूचा भाव घडणावळीवर न ठरता केवळ टंचाईवर ठरतो, तिच्यासाठी पैसे मोजताना माझा हात आखडतो. तरीही मी पीपीच घेतले.

कारण अगदी लहान आहे. नळीत काडतूस असेल, तर स्लाइडच्या मागच्या टोकाला, घोड्याच्या (हॅमरच्या) वर, एक बारीक पिन बाहेर डोकावते. पेढी बंद करून दिवे मालवल्यानंतरही अंगठ्याने चाचपून नळी भरलेली आहे की रिकामी, हे कळते. सेफ्टीचा खटका खाली ओढला, की काडतुसाच्या बुडावर आदळणारी फायरिंग पिन आधी अडवली जाते आणि मगच घोडा सुरक्षितपणे खाली पडतो. ही सगळी रचना 1929 सालची आहे, आणि आजही ती हाताळताना मला घड्याळजीच्या कामाची आठवण होते. (असे असले तरी केवळ त्या डोकावणाऱ्या पिनेवर विसंबू नये, स्लाइड मागे घेऊन डोळ्यांनी पाहावेच.) चापाची पहिली ओढ मात्र जड आहे, आणि माझ्यासारख्या जाड पंजाच्या माणसाच्या अंगठ्याच्या बेचक्यात स्लाइड अधूनमधून ओरखडा काढते, ही तक्रार कोणीही करील.

पण मला लिहायचे आहे ते मॅगझिनविषयी. नग विकत घेतला तेव्हा त्यासोबत दोन मॅगझिने मिळाली होती. एकाच्या बुडाला करंगळी टेकवण्यासाठी काळा उंचवटा आहे आणि दुसरे सपाट बुडाचे आहे. मार्चच्या प्रसंगानंतर मी पिस्तूल दुरुस्तीला दिले. मिस्त्रींनी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) थकल्याचे निदान केले, पिस्तूल दोन महिने ठेवून घेतले, स्प्रिंग बदलल्याचे पैसे घेतले आणि "आता घड्याळासारखे चालेल" असे सांगून परत दिले. रेंजवर सहाव्या गोळीला ते पुन्हा अडकले. दुकानात जाऊन मी बरेच बोललो. जुनी स्प्रिंग दाखवा म्हटले, तर ती टाकून दिल्याचे उत्तर मिळाले.

यापुढचे लिहिताना मला थोडी लाज वाटते. तोपर्यंत मी आधी काडतुसांना, मग पिस्तुलाला आणि शेवटी मिस्त्रींना दोष देऊन मोकळा झालो होतो. कोणत्या वेळी कोणते मॅगझिन लावले होते, याची नोंद मात्र एकदाही ठेवली नव्हती. पेढीवर गुंजभराचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने हे करावे! जूनमध्ये सूनबाईंकडून नेलपॉलिश मागून घेतले आणि सपाट बुडाच्या मॅगझिनवर लाल ठिपका दिला. त्या दिवशी उंचवट्याच्या मॅगझिनमधून चोवीस गोळ्या विनातक्रार सुटल्या, तर लाल ठिपक्याच्या मॅगझिनने तिसऱ्याच गोळीला दगा दिला.

ते बाहेर काढून भिंगाखाली धरले, तेव्हा खरे कारण दिसले. .32 च्या काडतुसाच्या बुडाच्या कडेचा व्यास त्याच्या अंगापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त असतो, म्हणून ती किंचित बाहेर येते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराने 1899 च्या सुमारास हे काडतूस तसेच आखले. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. इथे ती मागे घसरून अडकली होती, त्यामुळे स्लाइडने ढकलूनही वरचे काडतूस पुढे सरकत नव्हते. कॅलिपरने मोजल्यावर सपाट मॅगझिन आतून किंचित लांब भरले. ते मुळातले नसून कोणीतरी मागाहून बनवलेले असावे. तेवढ्या सैल जागेत काडतुसे मागेपुढे होतात. मिस्त्रींचे निदान चुकले ते चुकलेच, पण त्यांना मी जे बोललो त्यातले निम्मे मला स्वतःलाच लागू होते.

एका गोळीच्या किमतीत दोघांचा नाश्ता होतो, त्यामुळे या शोधावर किती नाश्ते उडाले याची बेरीज मी मुद्दाम केलेली नाही. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण आम्हा परवानाधारकांना काडतूस मिळते ते दुकानातूनच आणि परवान्यावर नोंद होऊनच. म्हणून मी रिकाम्या पुंगळ्याही मोजून डबीत ठेवतो.

गंजाबद्दल थोडक्यात सांगतो. विधानसभेच्या निवडणुकीत पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केले, तेव्हा ते चामड्याच्या म्यानातच दिले आणि परत मिळाले तेव्हा स्लाइडच्या डाव्या अंगाला तांबूस बुरशीसारखे डाग पडले होते. यात दोष माझाच आहे, कारण चामडे ओल धरून ठेवते. आता पिस्तूल तेलाच्या फडक्यात ठेवतो आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पुसतो.

लाल ठिपक्याचे मॅगझिन मोडीत काढण्याचा माझा विचार होता, परंतु ठाण्याच्या पावतीवर "मॅगझिन नग 2" असे स्पष्ट लिहिलेले आहे. पुढच्या जमा करण्याच्या वेळी एकच नेले, तर दुसरे कुठे गेले याचा जबाब मलाच द्यावा लागेल. म्हणून ते रिकामेच तिजोरीत, पावतीच्या शेजारी ठेवले आहे आणि पावसाळ्यात त्यालाही तेल लावतो.