व्हे प्रोटीनचा डबा: सात महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रोटीन पावडरीचा, पहिला डबा फोडला, आता तिसरा चालू आहे. त्याआधी दोन महिने पणजीला मिरामार ते दोनापावला पळत होतो आणि रविवारी लांब पळालो की बुधवारपर्यंत कठडा धरून जिना उतरत होतो. प्रोटीन कमी पडलं की असं होतं, असं ऐकलं; पण रोज हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) जेवणाऱ्या गोवेकराला प्रोटीन कमी पडतं हे काही पटेना. मग आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं.

वजन ६६ किलो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने सर्वसाधारण माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. नियमित पळणाऱ्याला १.२ ते १.६ लागतं. म्हणजे मला निदान ८०. भरत होतं जेमतेम ५०! १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम असतं, पण माझ्या ताटात तुकडे दोन आणि भाताचा डोंगर. सकाळी पातळभाजी वाटीभर, पाव तीन.

डब्यावर लिहिलंय, एका मापात २४ ग्रॅम. चव गोडमिट्ट चॉकलेटची. शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर, नाहीतर गाठी होतात. पहिला डबा कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे कमी गाळलेल्या पावडरीचा. शहाणपणा करून पळण्याआधीच दुधातून घेतला; दोनापावला यायच्या आत पोटात असं ढवळलं की पायलट (भाड्याची मोटरसायकल) करून घरी आलो. आता आयसोलेट घेतो, ती जास्त गाळलेली; त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी. महाग आहे, पण पोट शांत. आणि घ्यायचा तो पळून आल्यावरच.

पावसात झाकण नीट लागलं नव्हतं, चार दिवसांत पावडरीचा दगड झाला. सुरीने खरवडून संपवला. तरी डब्याचा खरा उपयोग त्याच दिवसांत झाला: १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, मासळीचे दर डोक्यावर, आणि पुढे घरात श्रावण. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर किती खाणार?

पाय आता मंगळवारी मोकळे होतात. श्रेय सगळं डब्याला देणार नाही, सवयही झाली असेल. शिवाय न्याहारी बदलली: दोन अंडी (१२ ग्रॅम), अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा, आणि पाव एकच. दुपारी अख्खे दोन बांगडे. डबा फक्त रविवारी आणि सोमवारच्या शिवराकाला, म्हणजे शाकाहारी दिवशी. आई अजून म्हणते, "एवढ्या पैशांत इसवण (सुरमई) आली असती." बरोबर आहे तिचं. चौथा डबा मेअखेरीस घेईन, मासेमारीबंदी लागायच्या आधी.